नवऱ्याच्या बोटांची शाई

आमच्या ह्यांना दोह्यातले ओळखीचे सगळे पुरुष नशीबवान म्हणायचे, आणि त्या नशिबाचा मला जेवढा राग आला तेवढा उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही. ह्यांचं काम काय, तर परदेशी मासिकं मागवून विकणाऱ्या एका एजन्सीच्या गोदामात बसायचं, आलेला प्रत्येक अंक पान न् पान उघडायचा आणि त्यातल्या बायकांचं जे जे उघडं दिसेल त्यावर काळा मार्कर फिरवायचा. मांडी, पाठ, पोट, खांदा. मग सरकारी तपासनीस येऊन अंक चाळायचा आणि त्याच्या नजरेला काही टोचलं नाही तरच गठ्ठे दुकानांत जायचे. सगळं कायद्यानं. म्हणजे त्या देशात कुणाच्याही नजरेला उघडी बाई पडू नये म्हणून माझ्या नवऱ्यानं दिवसभर उघड्या बायका बघायच्या, असा तो कायदा होता.

हे मी त्यांना एकदा असंच्या असं ऐकवलं होतं. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कुणीतरी बघायलाच पाहिजे की. न बघता काळं कसं करणार?"

आणि ज्या बोटांनी ते भाकरी मोडत होते ती बोटं काळी होती. नखांच्या कडांत, पेरांच्या घड्यांत ती शाई जाऊन बसलेली असायची. घरी आल्यावर ते आधी मोरीत उभं राहून लिंबाच्या सालीनं बोटं घासायचे, मग स्पिरिटचा बोळा फिरवायचे, तरी थोडी राहायचीच. गिरणीतल्या माणसाच्या अंगाला पीठ असतं, गॅरेजमधल्याच्या हाताला ऑइल असतं, त्याचं बायकोला काही वाटत नाही. माझ्या नवऱ्याच्या हाताला मात्र बायका लागलेल्या असायच्या. मला त्या शाईचा वास लांबूनच यायचा आणि आला की डोकं उठायचं.

एजन्सीची व्हॅन चालवणारा रत्नागिरीकडचा ड्रायव्हर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आणखी चार-पाच जणांबरोबर राहायचा. बायको-पोरं गावाला. सुट्टी दोन वर्षांतून एकदा. तो कधी मासळी आणून द्यायला वर यायचा आणि दारातच उभा राहून माझी चेष्टा करायचा.

"वहिनी, आम्ही आपले नुसते गठ्ठे उचलायचे हो. दोरी सोडायची ती भाऊंनी."

"मग तुम्ही सोडा. त्यांना व्हॅन चालवू दे."

"आमच्या हातात मार्कर दिला तर एक पान पुढं जायचं नाही, वहिनी. आठवडाभर तेच पान." आणि मग हळूच, हसण्यावारी नेल्यासारखं, "भाऊंना सांगा, एखादं पान चुकून फाटलं तर टाकू नका म्हणावं."

हे तसलं काही करणारे नव्हते. फाडलेलं पान बाहेर गेलं असतं तर नोकरीच काय, बिऱ्हाडच विमानात बसलं असतं. पण त्या ड्रायव्हरचं तोंड बघून मला कळायचं की तो माझ्या नवऱ्यावर जळतो, आणि मला वाटायचं, हा नुसता ड्रायव्हर होऊन इतका जळतो, तर मी किती जळायला हवं.

आता हे ह्या कामाला लागले कसे ते सांगते, कारण माझ्या जळण्याचं मूळ तिथं आहे. हे मूळचे मिरजेच्या एका फोटो स्टुडिओतले रिटचर. तेव्हा फोटो काढला की निगेटिव्ह थेट छापत नसत. रिटचर खिडकीपाशी उतरत्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून, सुईसारखी टोक केलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर काम करायचा. मुरमाचे खड्डे भरायचा, डोळ्यांखालची काळजी पुसायचा, कपाळावरच्या आठ्या घालवायचा. तालुक्यातल्या निम्म्या पोरींची लग्नं ह्यांच्या पेन्सिलीनं जमवली असं स्टुडिओचे मालक गमतीनं म्हणत.

माझ्या डाव्या गालावर खूण आहे. लहानपणी धुण्याच्या दगडावर पडले होते त्याची, डोळ्याच्या खालून कानाच्या दिशेनं गेलेली. लग्नाची झाले तेव्हा वडील मला त्या स्टुडिओत घेऊन गेले आणि काउंटरवर सगळ्यांसमोर म्हणाले, "खूण दिसली नाही पाहिजे." दिसली नाही. फोटो असा आला की माझी आईसुद्धा क्षणभर थांबली. तो फोटो गावोगाव फिरला, आवडला म्हणून लोक मुलगी बघायला आले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले की त्यांची तोंडं उतरायची. फसवल्यासारखं बघायचे. एका बाईनं तर फोटो पिशवीतून काढून माझ्या शेजारी धरला.

मग एके दिवशी त्या स्टुडिओतल्या रिटचरच्या मामाकडून निरोप आला. मुलाला फोटो नको, बघण्याचा कार्यक्रमही नको, मुलगी माहीत आहे. असं आमचं लग्न झालं. वर्षभरात हे कतारला गेले. गावाकडचा एकजण तिथं होता, त्यानं सांगितलं, हात स्थिर असलेला माणूस पाहिजे, काम बसून आहे. फॅमिली व्हिसा मिळून मला जायला चार वर्षं लागली.

दोह्याला पोचले त्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं आणि समोर भिंतीवर ती बाई. माझाच तो फोटो, मोठा करून, चौकट करून लावलेला. नितळ गालाची, रेषही नसलेली. खाली उदबत्तीचं घर ठेवायचं तेवढं बाकी होतं. ह्यांना वाटलं मी खूश होईन. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि बघत राहिले. चार वर्षं मी मिरजेला सासूबाईंच्या हाताखाली काढली, आणि इथं ही बाई एसीच्या गार हवेत माझ्या नवऱ्याबरोबर राहत होती. सकाळी उठून तो हिचं तोंड बघत होता. माझ्या जागी दुसरीच कुणीतरी संसार करून बसली होती, आणि ती माझ्याहून देखणी होती.

"खूण कुठं आहे?" मी विचारलं.

"निगेटिव्हमध्येच नाही, तर मोठ्या फोटोत कुठनं येणार?" ते म्हणाले आणि पाणी आणायला गेले.

तर भिंतीवर ही, आणि गोदामात त्या. मी दोन्हीकडून घेरली गेले होते. पहिले काही महिने मी खोदून खोदून विचारायची.

"आज काय होतं?"

"कागद."

"कसल्या होत्या?"

"चकचकीत. शाई वाळत नाही लवकर."

"बायका कशा होत्या, विचारते मी."

"सगळ्या सारख्याच की गं."

हे उत्तर मला सगळ्यात झोंबायचं. ज्यानं कमी बघितल्यात त्याला एकेक वेगळी आठवते. सगळ्या सारख्या वाटायला किती बघाव्या लागत असतील, याचा मी दुपारी तांदूळ निवडता निवडता हिशेब करायची आणि तांदळातले खडे तसेच राहायचे. संध्याकाळी हे जेवताना खडा लागून थांबले की मला बरं वाटायचं.

शुक्रवारी सुट्टी. आमच्याकडे स्वयंपाकघर वेगळं होतं म्हणून मंडळी आमच्याकडे जमायची. वसईचं एक ख्रिस्ती जोडपं, नवरा हॉस्पिटलच्या ऑफिसात आणि बायको तिथंच नर्स. आणि दुखानच्या तेल कंपनीतला एक पुण्याचा इंजिनिअर, जो स्वतःची गाडी घेऊन वाळवंट ओलांडून आमच्याकडे वरणभात खायला यायचा. एका शुक्रवारी तो आला तो तणतणतच. सुट्टीवरून परतताना विमानतळावर कस्टमनं त्याच्या व्हिडिओ कॅसेट ठेवून घेतल्या होत्या. तपासून मग देणार.

"माझ्या पुतणीच्या लग्नाची कॅसेट आहे हो," तो म्हणाला. "आता तिथं कुणीतरी बसून सप्तपदी बघणार आणि ठरवणार, ऑब्जेक्शनेबल काय आहे ते."

"तिच्याखाली दुसऱ्या कुठल्या कॅसेट होत्या ते पण सांगा," नर्सचे यजमान, वसईचे भाऊ म्हणाले. सगळे हसले. इंजिनिअरचे कान लाल झाले.

"असल्या तर असल्या. मी पस्तिशीचा माणूस आहे. काय बघायचं ते मला कळतं. इकडे एकच माप. डॉक्टरच्या पुस्तकातलं चित्र, संगमरवरी पुतळा आणि घाणेरडा फोटो, तिन्हीला तीच शाई. खोटं सांगतो का, विचारा यांना."

ह्यांनी मान हलवली. पुतळ्यावर त्यांनी खरंच शाई फिरवली होती. पोहण्याच्या शर्यतीवर, साबणाच्या जाहिरातीवर, तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या आईवर. लिहिलेला नियम असा नव्हताच. कोपरापर्यंत हात चालायचा, एखाद्या महिन्यात तोही चालायचा नाही. रमजानात गळासुद्धा झाकायचा. तपासनीस घरून कसा निघालाय यावर बरंच असायचं.

"मग माप कुणी लावायचं? तुम्ही?" वसईचे भाऊ म्हणाले. "बॉम्बेला फुटपाथवर पिवळी पुस्तकं रद्दीत घालून विकतात. शाळेच्या गेटसमोर. कायदा तिकडं पण आहे, कोण विचारतो? माझ्या दोन मुली आहेत. मी सांगतो, मला इकडंच बरं वाटतं. थोडी शाई जास्त लागली तर लागू दे."

"म्हणजे तुमच्या मुलींसाठी मी पुतळे पण बघायचे नाहीत."

"पुतळेच बघणार असाल तर मी माझा मार्कर परत घेतो."

मग नर्स बोलली. ती बाई थंडपणे बोलायची, रोज माणसं मरताना बघणाऱ्याला आवाज चढवायची गरज राहत नसावी. "तुम्ही दोघं कधीचे बोलताय, बघणाऱ्यानं बघावं का न बघावं. त्या फोटोतल्या पोरींना कुणी विचारलं का? कुणी राजीखुशीनं उभी राहिली, कुणाला उभी केली. ते शाईनं कळतं का? का शाई नाही लावली तर कळतं?"

मी मात्र खरं सांगते, मला त्या पोरींची दया आली नाही. यायला हवी होती, नर्स म्हणत होती ते पटलंही होतं. पण पटलेलं डोक्यात राहतं आणि जळतं ते छातीत. मला एवढंच दिसत होतं की त्यांच्या अंगाच्या वळणावरून माझ्या नवऱ्याचा हात रोज फिरतो, कडेकडेनं, रेषेबाहेर जाऊ न देता, जपून.

इंजिनिअरनं विषय ह्यांच्याकडे वळवला. "तुम्ही सांगा, भाऊ. आपल्यात खरे एक्स्पर्ट तुम्हीच. इतकी वर्षं बघताय. काय परिणाम झाला?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. मीही डाव हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"मान दुखते," हे म्हणाले.

खोलीभर हशा झाला. मी आत गेले. माझ्या मागून नर्स आली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "माझा नवरा दिवसभर बिलं बघतो. तो पण घरी येऊन माझ्याकडे बघत नाही. मी काय बिलांवर जळू?"

तिनं ते हसत म्हटलं, पण तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. वादात कुणीच विचारलं नव्हतं ते हेच होतं. पुरुष बिघडतात का, मुली बिघडतात का, देश बिघडतो का, यावर मंडळी वरणभात निवेपर्यंत बोलली. त्या माणसाच्या घरात एक बाई असते आणि संध्याकाळी दार उघडून त्याच्यासमोर उभी राहते, तिच्याकडे तो कसा बघतो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि हे माझ्याकडे बघत नव्हते. रागानं नाही, कंटाळ्यानंही नाही. घरी येईपर्यंत त्यांचे डोळे संपलेले असायचे. जेवायचे, बोलायचे, पगार हातात द्यायचे, पण नजर माझ्या आसपास कुठंतरी असायची, माझ्यावर नाही.

एकदाच ती माझ्यावर आली, आणि नसती आली तर बरं झालं असतं. आम्ही समुद्राकडे फिरायला निघालो होतो. मी नवी साडी नेसले होते, ब्लाउज आखूड बाह्यांचा, गावाकडे सगळ्या घालायच्या तसला. हे दारात थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हरखले. मग लक्षात आलं की नजर गळ्यावर थांबली, तिथून दंडावर आली, दंडावरून कोपरापर्यंत, आणि पुन्हा पोटाच्या उघड्या पट्टीवर. पटपट, मापं घेतल्यासारखी.

"बाह्या लांब शिवत जा," ते म्हणाले. "आणि पदर घे पुढनं."

"मला कुठं कुठं शाई लागेल ते बघताय का?"

मला वाटतं त्यांना स्वतःलाही ते तेव्हाच कळलं. त्यांनी चपला काढल्या, आणि आम्ही फिरायला गेलो नाही. मी साडी बदलली आणि संध्याकाळभर भांडी आपटली. त्या गोदामातल्या बायकांना निदान ते शाई लावायच्या आधी एकदा पूर्ण बघत होते. मला बघायच्या आधीच काळं करून मोकळे झाले होते.

पुढं थंडी सुरू झाली आणि विलायती मासिकांचे नाताळचे जाड अंक आले. एक माणूस सुट्टीवर गेलेला, तपासनीस शनिवारी येणार म्हणून ह्यांना शुक्रवारीही जावं लागलं. दुपारी ड्रायव्हर डबा न्यायला वर आला. मी म्हटलं, "डबा मीच घेऊन येते." तो जरा घुटमळला. मग "यल्ला, चला," म्हणाला.

इतकी वर्षं मी त्या गोदामाचं चित्र मनात रंगवलं होतं. त्यात मंद दिवे होते, लोळायला गाद्या होत्या, काय काय होतं. प्रत्यक्षात पत्र्याची शेड, ट्यूबलाइट, लांब टेबल आणि डोकं चढेल असा शाईचा भपका. टेबलाशी तिघंजण खाली मान घालून बसलेले, त्यात शेवटचे हे. रेडिओवर कुणीतरी अरबीत बातम्या देत होतं. मी दारातच उभी राहिले आणि मला एक विचित्र गोष्ट दिसली. तिघांच्याही समोरचे अंक उलटे होते. बायकांची डोकी खाली, पाय वर.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "भाऊंनीच लावली ही पद्धत. आधी मार्कर सुलट्या पानावर चालायचा. मग माणसं रेंगाळायची. उलटं धरलं की बाई दिसत नाही हो, नुसता आकार दिसतो. काम पटापट होतं."

मी बघत राहिले. ह्यांचा हात चालला होता, पान उलटलं, दोन फटके, पुढचं पान, एक फटका. तोंडावर काही नाही. भेंडी चिरतानासुद्धा माझ्या तोंडावर याहून जास्त भाव असतो. मला हायसं वाटायला लागलं. खोटं कशाला, आनंदच झाला. वाटलं, उगाच जीव जाळला, हा माणूस खरंच काही बघत नाही.

आणि तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

त्यांनी मार्कर खाली ठेवला. अंक फिरवून सुलटा केला. ट्यूबलाइटखाली नीट धरला आणि बघायला लागले. ते बघणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. मान एका बाजूला, डोळे बारीक, ओठ किंचित उघडे. मी डब्यासकट त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

विणकामाचं मासिक होतं. पानावर चाळिशीची एक गोरी बाई, हनुवटीपर्यंत बंद गळ्याचा लोकरीचा स्वेटर घातलेली, मनगटापर्यंत बाह्या. शाई लावायला तिळाएवढी जागा नव्हती. जगातल्या कुठल्याही कायद्यानं त्या फोटोला हात लावला नसता. तिच्या गालावर एक जुना व्रण होता, आणि ह्यांचा काळा अंगठा त्या व्रणाच्या शेजारी टेकलेला होता.

"काय बघताय?" मी विचारलं.

ते दचकले. मला बघून गोंधळले. "रिटच केलेलं नाही," ते म्हणाले. "ठेवलीय खूण. चांगलं काम आहे." आणि त्यांनी पान उलटलं, अंक फिरवला, मार्कर उचलला.

मी डबा टेबलावर ठेवला. शेजारच्या खोक्यातला एक मार्कर उचलून पर्समध्ये टाकला आणि ड्रायव्हरला म्हटलं, "खलास, चला."

व्हॅनमध्ये मी पर्स मांडीवर धरून बसले. उघड्या बायकांवर जळणं फार सोपं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्यावर जळायला कायद्याची साथ होती, धर्माची होती, वसईच्या भाऊंची होती. या स्वेटरवालीवर कुणाच्या साथीनं जळायचं? ती तर माझ्यासारखीच होती, वयानं मोठी, चेहऱ्यावर डाग असलेली. माझी खूण ह्यांनी पेन्सिलीनं बुजवून टाकली होती, आणि विलायतेतल्या कुणा बाईची खूण बघून त्यांचा हात थांबत होता. तिची ती कला आणि माझी ती खोट. मला इतकं रडू येत होतं की ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला.

घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता भिंतीवरचा फोटो उतरवला. चौकट उघडली, काच बाजूला केली. खिडकीच्या कट्ट्यावर आरसा उभा केला, त्यात माझा गाल बघितला, आणि आरशात बघून बघून त्या नितळ बाईच्या गालावर मार्करनं खूण काढली. जाड, काळी, डोळ्याखालून कानाच्या दिशेनं. रागाच्या भरात जरा लांबच गेली. मग फोटो तसाच टेबलावर ठेवला आणि कणीक मळायला बसले. उन्हं अजून खिडकीत होती तोवर हे आले.

दाराकडे माझी पाठ होती. पावलं टेबलापाशी थांबली. मी कणकेत मुठी मारत राहिले. आता ओरडतील, म्हटलं. चार वर्षांची त्यांची बाई मी खराब केली होती, आणि ती शाई निघत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं.

"बाजू चुकलीय," ते म्हणाले.

मी मुठी थांबवल्या.

"आरशात बघून काढलीस ना? आरशात उलटं दिसतं. फोटोत ती ह्या गालावर यायला पाहिजे." आणि मग, "आणि इतकी लांब नाहीय. कानाच्या बोटभर अलीकडं थांबते. टोकाला जराशी वर वळते."

मी वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते, फोटोकडेच बघत बोलत होते. टोकाला ती वर वळते हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत? माझ्या तोंडाकडे कधी बघितलंयत तुम्ही?"

"अगं, मीच तर पुसलीय ती," ते म्हणाले. "भिंगाखाली घेऊन बसलो होतो. जिवावर आलं होतं. तुझ्या वडिलांनी बजावलं होतं म्हणून पुसली. सगळं तोंड त्या खुणेनं धरून ठेवलं होतं, ती काढली नि मागं नुसती कुणीतरी मुलगी राहिली. म्हणून तर मामाला पाठवलं."

हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी ट्रंकेच्या तळातून जुनी पेन्सिलींची डबी काढली, ब्लेडनं एका पेन्सिलीचं टोक लांबच लांब केलं आणि फोटो समोर ओढला. दुसऱ्या गालावर, बरोबर जागी, टोक टेकवलं. माझ्याकडे न बघता.

मी कणकेच्या हातानं फोटो त्यांच्यासमोरून ओढून घेतला. खुर्ची खिडकीच्या उजेडात ठेवली आणि त्यांच्या पुढ्यात बसले.

"बघून काढा."

"बघायला कशाला पाहिजे? पाठ आहे मला."

"तेव्हाची पाठ आहे. आता बघा."

त्यांनी वर बघितलं. नजर आधी सवयीनं बाह्यांकडे गेली. मी हलले नाही. मग ती तिथून वर आली, गळ्यावरून हनुवटीवर, आणि गालावर येऊन थांबली. त्यांनी मान एका बाजूला केली. डोळे बारीक केले. काळ्या अंगठ्यानं माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि शाईचा तो वास माझ्या नाकाशी आला. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "फिकी झालीय गं. कधी झाली?"

मी काय सांगणार. त्यांच्या समोरच झाली होती.

मग त्यांनी ती तशी, फिकी, काढली. आताची. तो फोटो आता मिरजेच्या घरात आहे, एका गालावर माझी काळी रेघ आणि दुसऱ्या गालावर त्यांच्या पेन्सिलीची. येणारे-जाणारे काळी रेघच बघतात आणि विचारतात, पोरांनी खराब केला का फोटो? मी हो म्हणते. दुसरी जवळ जाऊन उजेडात बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि ती मी कुणाला दाखवत नाही.